जुन्या चित्रकथांचा शोध

मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. पुढे ते मराठीतही आले आणि त्यातला नायक फँटम इथल्या मुलांचा वेताळ झाला. १९९० मध्ये मालिका बंद पडली. आता धाराशिवसारख्या जिल्ह्यात या अंकांचा शोध रद्दीच्या दुकानांतून आणि जुन्या घरांच्या माळ्यांवरून घ्यावा लागतो. खरी गंमत क्रमांक जुळवण्यात. उदाहरणार्थ, अनंत पै यांच्या ‘अमर चित्र कथा’ या दुसऱ्या मालिकेतील ‘कृष्ण’ हा अंक अकराव्या क्रमांकाचा, कारण आधीचे दहा अंक परदेशी परीकथांचे होते. नवख्या संग्राहकाची इथे हमखास फसगत होते. अंक हाती येताच मधली पाने मोजावीत, गंजलेल्या पिना पाहाव्यात. मुलाने आत रेघोट्या मारल्या असल्या तरी चालते. मुखपृष्ठ नसेल, तर मोल बरेच उतरते.