विद्यापीठाच्या अंगणात प्राथमिक शाळा
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



गेले वर्षभर आपल्याकडे एकच चर्चा चालू आहे. जमलेल्या निधीतून पदवी महाविद्यालय काढावे, की आहे ती प्राथमिक शाळा सुधारावी? मशिदीबाहेर, लग्नाच्या मांडवात, एस.टी.च्या थांब्यावर, जिथे चार माणसे भेटतात तिथे हाच विषय. एक पक्ष म्हणतो, बारावीनंतर मुलींना तालुक्याला पाठवायला आईबाप तयार होत नाहीत, तेव्हा महाविद्यालय दारात हवे. दुसरा म्हणतो, पाया कच्चा असताना मजले चढवून काय करायचे? मला दिलेला विषय 'जगातील प्राथमिक शिक्षणाची उद्दिष्टे आणि विद्यापीठांचे कार्य' असा भारदस्त आहे. तयारी करताना ध्यानात आले की, हा भारदस्त विषय आणि आपला गावचा वाद या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

१९९० साली थायलंडमधील जोम्तिएन येथे १५५ देशांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी 'सर्वांसाठी शिक्षण' हा जाहीरनामा काढला. जगातील दहा कोटींहून अधिक मुलांना शाळेचे दार माहीत नव्हते; त्यांपैकी किमान सहा कोटी मुली होत्या. २००० साली सेनेगलमधील डाकार येथे पुन्हा परिषद झाली व २०१५ ची मुदत ठरली. ती टळली. मग २०१५ साली दक्षिण कोरियात इंचॉन येथे २०३० ही नवी मुदत घेतली गेली. मुदतवाढीची ही सवय आपल्यालाही नवी नाही. घटनेच्या ४५ व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत द्यायचे होते. तो मुलांचा हक्क म्हणून कायद्याने अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी.

आता या सर्व खटाटोपात विद्यापीठे कोठे होती? खरे सांगायचे तर बराच काळ त्यांना बाजूलाच बसवले होते. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला की, गरीब देशात प्राथमिक शिक्षणावर घातलेला पैसा उच्च शिक्षणावर घातलेल्या पैशापेक्षा अधिक परतावा देतो. हिशेब वरवर पटण्यासारखा होता. परिणाम असा झाला की, आफ्रिकेतील विद्यापीठांची आबाळ झाली, आणि मग शाळा उघडल्या तरी शिक्षक आणायचे कोठून, पाठ्यपुस्तके लिहायची कोणी, हा प्रश्न उभा राहिला. युनेस्कोने २०२३ साली काढलेल्या अंदाजाप्रमाणे २०३० पर्यंत जगाला ४ कोटी ४० लाख नवे प्राथमिक व माध्यमिक शिक्षक लागणार आहेत. हे शिक्षक झाडाला लागत नाहीत.

परंतु उलट बाजूही तितकीच खरी आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, तेव्हा सरकारचा समज असा की, वरच्या थराला शिकवले म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपत जाईल. पंचवीस वर्षांनी, १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन देऊन या समजुतीचे वाभाडे काढले. शेतकऱ्याच्या करातून उच्च शिक्षण चालते आणि त्याच्या मुलाला साधी शाळा नाही, ही त्यांची तक्रार होती. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी तेव्हाच सांगितले. विद्या झिरपली नाही. ती वरच साचून राहिली.

येथे थोडे स्वतःविषयी बोलतो. बी.एड.च्या वर्षात आम्हांला हर्बार्टच्या पायऱ्या पाठ होत्या, पाठ-टाचणे रंगीत शाईने लिहिली होती. नोकरीला लागल्यावर आठवीच्या वर्गात पहिल्याच महिन्यात एक मुलगा भेटला. उत्तरे तोंडी चटकन सांगायचा, पण पुस्तक पुढे केले की घाम फुटायचा. त्याला वाचताच येत नव्हते. सात वर्षे तो वरच्या वर्गात ढकलला गेला होता. आणि त्याला वाचायला कसे शिकवायचे, हे मलाही येत नव्हते! ज्या महाविद्यालयाने मला पदवी दिली, तेथे हा विषय कोणी काढलाच नव्हता. शेवटी मी शेजारच्या शाळेतील पहिलीच्या बाईंकडे संध्याकाळी जाऊन बसलो आणि अक्षरओळख कशी करून देतात ते पाहून घेतले. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही असा निर्णय दिला, तेव्हा आमचे अनेक सहकारी रागावले. मला त्या मुलाची आठवण झाली.

असा मुलगा एकटा नाही. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या कमी मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. आपल्या समाजाचे पाहू गेल्यास, सच्चर समितीने २००६ साली नोंदवले की सहा ते चौदा वयाची सुमारे पाव मुस्लिम मुले एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती वा मध्येच गळली होती. ज्यांच्या धर्मग्रंथाचा आरंभ वाचण्याच्या आज्ञेने झाला, त्यांची ही अवस्था. यावर अधिक बोलवत नाही.

मग विद्यापीठ आणि प्राथमिक शाळा यांची सांगड घालणारे कोणी झाले की नाही? झाले, आणि ते आपल्याला परके नाहीत. जामिया मिल्लिया इस्लामिया ही संस्था १९२० साली अलीगढला निघाली व १९२५ मध्ये दिल्लीला आली. पैसा नाही, इमारत नाही, बंद पडण्याच्या बेतात होती. १९२६ साली बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेले झाकिर हुसेन, त्यांच्यासोबत आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब, असे तिघे तरुण परत आले. त्यांना कोठेही मोठ्या पगाराची जागा मिळाली असती. पण जामियाच्या शिक्षकांनी वीस वर्षे सेवा करण्याची व दरमहा दीडशे रुपयांपेक्षा अधिक न घेण्याची शपथ घेतली. महत्त्वाचे हे की, ही माणसे केवळ पदवीचे वर्ग घेत बसली नाहीत. जामियाच्या आवारातच प्राथमिक शाळा होती आणि तिला तेथे कमी मान नव्हता. डॉ. झाकिर हुसेन यांनी मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. गेर्डा फिलिप्सबोर्न नावाच्या जर्मन ज्यू बाई सर्व सोडून आल्या आणि लहान मुलांत रमल्या. मुले त्यांना आपाजान म्हणत. १ मार्च १९३५ रोजी ओखल्याला नव्या इमारतीची कोनशिला बसवायची होती. अशा वेळी आपण मंत्र्याला बोलावतो. जामियाने शाळेतील सर्वांत लहान मुलाच्या हातून ती बसवली.

म्हणूनच १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली, तेव्हा सात वर्षांच्या मोफत, मातृभाषेतून व हस्तोद्योगातून द्यावयाच्या मूलभूत शिक्षणाची योजना आखण्याच्या समितीचे अध्यक्षपद झाकिर हुसेन यांच्याकडे आले. पुढच्याच वर्षी जामियाने शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय काढले. वर्धा योजनेवर त्या काळी कडाडून टीका झाली, आपल्या समाजातूनही झाली, आणि पुढे ती नीट रुजलीही नाही. तो वाद मी येथे उकरीत नाही. विद्यापीठ चालवणारा माणूस पहिलीच्या मुलाचा अभ्यासक्रम आखायला बसला, एवढेच मला दाखवायचे आहे.

आणखी दोन उदाहरणे थोडक्यात. इथिओपियातील अदिस अबाबाच्या विद्यापीठाने १९६४ पासून नियम केला की, पदवीपूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने एक वर्ष प्रांतात जाऊन सेवा करावी. बहुतेक जण शाळांतून शिकवीत. आपल्याकडे १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात सोळा शाळांतून विज्ञान शिकवण्याचा नवा प्रयोग सुरू झाला, तेव्हा दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक खेड्यात येऊन शिक्षकांबरोबर मुलांचे प्रयोग करून बघत. तीस वर्षांनी सरकारी आदेशाने तो बंद पडला, पण तोवर कित्येक प्राध्यापकांना मूल कसे शिकते हे कळले होते.

विद्यापीठांनी करण्यासारखे काम आजही पडून आहे. आपल्या कितीतरी घरांत दखनी किंवा कोकणी बोलतात, शाळा मराठी वा उर्दू, आणि आता इंग्रजीचा हट्ट. पाच वर्षांच्या पोराने या तीन भाषांतून वाट कशी काढावी, याचा अभ्यास भाषाविभागांनी करायचा नाही तर कोणी करायचा? प्रबंध लिहिले जातात, ते कपाटात जातात. पहिलीच्या बाईंपर्यंत त्यातले काय पोचते?

सीरतच्या ग्रंथांत येते की, बद्रच्या लढाईनंतर ज्या कैद्यांजवळ खंडणीला पैसे नव्हते पण ज्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांना मदिनेतील दहा-दहा मुले शिकवून सुटका मिळाली. शत्रूकडून घेतलेली ती खंडणी होती. आपल्याच पदवीधरांकडून निदान तेवढी मागायला हरकत नसावी.

तेव्हा आमच्या वादाबाबत माझे मत सांगतो. काहींना ते आवडणार नाही. महाविद्यालय जरूर काढा. मुलींसाठी ते हवेच. पण त्याची इमारत गावाबाहेरच्या देणगीच्या जागेवर नको. प्राथमिक शाळेला लागून, त्याच आवारात बांधा, एकच मैदान ठेवा, आणि पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने दोन वर्षे आठवड्यातून एक तास तिसरी-चौथीच्या मुलांसोबत वाचनाला बसावे असा नियम पहिल्या दिवशीच लिहून ठेवा. नंतर तो लिहिला जाणार नाही.

महाविद्यालय उभे राहीपर्यंत वेळ जाईल. येत्या रविवारपासून सकाळी नऊ ते अकरा शाळेच्या शेवटच्या खोलीत वाचनाचा वर्ग सुरू होत आहे. अठ्ठावीस मुलांची यादी तयार आहे. मघाशी सांगितलेला तो मुलगा सध्या आय.टी.आय.ला आहे, तो येणार म्हणाला आहे. आणखी चौघे-पाचजण हवेत. समारंभानंतर मी दाराशी थांबतो, नावे द्यावीत.