अपात्री दया



वसंत व्याख्यानमाला हे नाव पुण्याला शोभते. आमच्या पाचोऱ्यात वसंत केव्हा येतो आणि केव्हा जातो, हे आम्हांला या वयापर्यंत उमगलेले नाही. येथे एकदम ऊनच येते. तरीही दिवसभर पोळलेली माणसे संध्याकाळी येऊन सतरंजीवर बसतात, हे पाहून आनंद वाटतो. आजच्या विषयातही उन्हाची एक झळ आहे. ती पुढे येईल.

'अपात्री दान' हा आपल्याकडे दोष गणला आहे. देश, काळ आणि पात्र न पाहता केलेल्या दानाला गीतेने तामस ठरविले. माणसाच्या हातून व्हावयाच्या दानाला ही सावधगिरी योग्यच. पण देवाची दया? तिनेही आधी पात्र तपासावे काय? अजामिळाची कथा आपण कीर्तनात ऐकतो आणि सुखावतो. कारण अजामिळाने आपले काही बुडविलेले नसते. ज्याने आपले घर जाळले, त्याच्यावर देवाने दया केली तर आपण काय म्हणू? हा प्रश्न हिब्रू संदेष्ट्यांना पडला, आणि त्यांनी तो टाळला नाही.

हे संदेष्टे आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. कोकणात तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली', म्हणजेच बेने इस्राएल, यांच्या घरी ते मराठी माणसांचेच देव-धर्म होऊन राहिले. या समाजातले सामाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या फौजेत होते आणि टिपूच्या कैदेत पडले. टिपूच्या मातेने 'ही इस्राएलची लेकरे' म्हणून रदबदली केली व त्यांचे प्राण वाचले, अशी आख्यायिका आहे. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. त्याचे नाव 'शार हारहमीम', म्हणजे करुणेचे द्वार. शत्रूच्या घरून जीव घेऊन परतलेल्या माणसाच्या देवळाला हे नाव फार शोभते.

मोठ्या उपासाच्या दिवशी, ज्याला हे लोक 'दरफालनीचा सण' म्हणत आले, दुपार कलल्यावर योनाची कथा वाचण्याची ज्यू लोकांची परंपरा आहे. योना म्हटला की आपल्याला मासाच आठवतो. मासा बाजूला ठेवू या. कथेचा जीव त्यात नाही.

देवाने योनाला सांगितले की निनवे शहरात जा आणि त्यांच्या पापाची त्यांना जाणीव दे. निनवे पूर्वेला, योना पश्चिमेकडे जाणाऱ्या जहाजावर चढला. नागपूरला जा म्हणून सांगितलेल्या माणसाने पाचोरा स्टेशनावर मुंबईची गाडी धरावी, तसा प्रकार. भ्याला म्हणून पळाला असे आपल्याला वाटते. तो स्वतः शेवटी निराळेच कारण सांगतो. देव दयाळू आहे, रागाला मंद आहे, हे त्याला पक्के ठाऊक होते. शहराने रडून क्षमा मागितली तर देव ती देईल, हीच त्याची धास्ती!

योनाला आपण हसू नये. निनवे ही अश्शूरची राजधानी. अश्शूरने इ.स.पू. ७२२ च्या सुमारास उत्तरेकडचे इस्राएलचे राज्य बुडविले आणि माणसे हाकलून दूरदेशी नेली. इ.स.पू. ७०१ मध्ये सन्हेरीब राजाने लाखीश नगर घेतले. त्याची चित्रे त्याने निनवेच्या वाड्यात दगडावर कोरून घेतली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सुळावर चढविलेले कैदी, ओझी घेऊन निघालेल्या बायका, गाड्यावर बसलेली पोरे. योनाची कथा लिहिली गेली त्या वेळी हे सारे होऊन गेले होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ऐकणाऱ्याला निनवे म्हणजे काय ते सांगावे लागत नव्हते.

तर निनवेने पश्चात्ताप केला. राजा राखेत बसला; गुराढोरांनाही तरट नेसविले आणि उपास घडविला. (हा भाग ऐकताना हसू येते, आणि लिहिणाऱ्यालाही ते आलेच असावे.) देवाने शहर राखले. योना संतापून शहराबाहेर जाऊन बसला. त्याच्यावर सावलीला एक झाड उगवले. तो एरंड असावा, असे पुष्कळांचे मत आहे. रातोरात कीड लागून एरंड वाळला, वर पूर्वेची झळ सुटली, तेव्हा योना मरण मागू लागला. ती झळ कशी असते हे खानदेशात कोणी कोणाला शिकवू नये. तेव्हा देवाने विचारले, की जे झाड तू लावले नाहीस, वाढविले नाहीस, त्याची तुला एवढी हळहळ. मग उजवे-डावे न कळणारी एक लाख वीस हजारांवर माणसे आणि इतकी गुरेढोरे ज्या शहरात आहेत, त्याची मला वाटू नये काय?

होशेय संदेष्ट्याने हेच घरच्या दुःखातून सांगितले. सोडून गेलेली बायको त्याने पंधरा रुपेनाणी आणि काही माप जव देऊन परत आणली. त्यावर आज अधिक बोलत नाही. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

आता एक घरची गोष्ट सांगतो. २००७ साली आमच्या वडिलांनी पोळा होताच बैलजोडी विकून सोसायटीचे कर्ज फेडले. पुढे २००८ च्या फेब्रुवारीअखेर केंद्र सरकारची कर्जमाफी जाहीर झाली. ती थकबाकीदारांना. शेजारच्या शेतकऱ्याचे, ज्याचा पत्त्यांचा नाद साऱ्या गावाला ठाऊक, सगळे कर्ज माफ झाले. वडिलांना काही मिळाले नाही. त्यांनी शेजाऱ्याशी बोलणे सोडले. रिकाम्या दावणीकडे पाहत ते ओट्यावर बसत, आणि प्रामाणिकपणाचे हे फळ काय, असे आम्हांलाच विचारीत. सरकारची माफी आणि देवाची क्षमा एक नव्हे, हे आम्ही जाणतो. सरकारला हिशेब विचारायचा हक्क आपल्याला आहे, आणि वडिलांचा प्रश्न खरा होता. पण त्यांचा राग सरकारवर थोडा आणि शेजाऱ्यावर फार होता. त्याची दोन लहान पोरे आमच्या अंगणात खेळायला येत, त्यांनाही ते हाकलू लागले.

एका रात्री आम्ही त्यांना योनाची ही कथा सांगितली. त्यांनी ती लक्ष देऊन ऐकली. एरंडाच्या ठिकाणी मान हलविली. शेवटी विचारले, की मग त्या योनाने देवाला काय उत्तर दिले? आम्ही म्हणालो, ते लिहिलेले नाही. देवाच्या प्रश्नावरच पुस्तक संपते. वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, गुरांचेही नाव घेतले म्हणतोस? होय, म्हटले, अगदी शेवटी. ते उठले आणि गाईला पाणी दाखवायला गोठ्यात गेले.

दुसऱ्या दिवशी ती पोरे अंगणात आली. वडील ओट्यावरच होते. त्यांनी काही म्हटले नाही.