रेशमी भिंतींचे अतिथिगृह

मराठी माणसासमोर ‘हॉटेल’ हा शब्द उच्चारला की त्याच्या नाकाशी प्रथम चहाचा आणि भज्यांचा वास दरवळतो. उतरण्याची जागा हा त्या शब्दाचा दुसरा अर्थ त्याला मागाहून आठवतो. हे स्वाभाविकच आहे. प्रवासाला निघालेले आपले पूर्वज धर्मशाळेत उतरत, देवळाच्या ओवरीत पथारी टाकीत, किंवा परगावच्या आप्ताच्या ओसरीवर हक्काने वळकटी सोडीत. भिंतीला रंग कोणता दिला आहे, याची चौकशी करण्याचे त्यांना कधी कारणच पडले नाही.

आता केवळ त्या रंगासाठी, खुर्चीच्या घाटासाठी आणि दिव्याच्या मंद उजेडासाठी जादा दाम मोजणारा प्रवासी निर्माण झाला आहे. त्याच्यासाठी निघालेल्या लहान, देखण्या हॉटेलांना ‘बुटिक हॉटेल’ म्हणतात. बुटिक म्हणजे फ्रेंच भाषेत लहानसे दुकान. 1970 नंतरच्या दशकात लंडनमध्ये अनौश्का हेम्पेल या बाईंनी जुन्या घरांतून ‘ब्लेक्स’ हे असे एक हॉटेल उभे केले. न्यूयॉर्कमध्ये 1984 साली ‘मॉर्गन्स’ निघाले. त्याची अंतर्रचना आंद्रे पुतमान या फ्रेंच कलावतीने केली. हाताशी पैसा बेताचा होता, म्हणून तिने न्हाणीघरांत स्वस्तातल्या काळ्या-पांढऱ्या फरश्या बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडल्या, आणि त्याच फरश्या त्या हॉटेलची ओळख ठरल्या. ते हॉटेल 2017 साली बंद झाले. काटकसरीतून शोभा निर्माण करण्याची ही कला आपल्याकडील गृहिणींना कोणी शिकवायला नको!

ही लाट भारतात आली ती बंगळूरमध्ये. कलकत्त्यात 1967 साली पहिले ‘पार्क’ हॉटेल काढणाऱ्या पॉल कुटुंबाने 2000 साली बंगळूरच्या महात्मा गांधी रस्त्यावर, म्हणजे पूर्वीच्या साउथ परेडवर, नवे ‘पार्क’ उघडले. प्रिया पॉल यांनी त्याच्या सजावटीचे काम सर टेरेन्स कॉनरन यांच्या संस्थेकडे सोपवले. सामान्य कुटुंबाच्या घरातही सुबक वस्तू असाव्यात, या हेतूने 1964 साली लंडनमध्ये ‘हॅबिटॅट’ हे दुकान काढणारे ते हेच कॉनरन. पाहुण्या कलावंताने राजवाड्यांचे घुमट आणि हत्तींच्या झुली यांचा मोह टाळला, हे त्याचे मोठेच शहाणपण म्हटले पाहिजे. त्याने आधार घेतला तो कर्नाटकच्या रेशमाचा आणि त्या रेशमाच्या भडक, निःशंक रंगांचा.

आणि रेशमाचे या प्रदेशाशी नाते वरवरचे नाही. म्हैसूरच्या राज्यात रेशमाच्या किड्यांची पैदास टिपू सुलतानाने रुजवली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमशेटजी टाटांनी जपानी तज्ज्ञांच्या साहाय्याने बंगळूरमध्ये रेशमाची बाग उभी केली. ‘टाटा सिल्क फार्म’ हे नाव त्या वस्तीला अजून चिकटून आहे. याच जमशेटजींनी 1903 साली मुंबईचे ताजमहाल हॉटेल उघडले. किडा आणि अतिथी या दोघांचीही बडदास्त एकाच माणसाने ठेवली, हा योगायोग मौजेचा खरा! पुढे 1912 मध्ये म्हैसूरला सरकारी रेशीम कारखाना निघाला. म्हैसूरच्या वाटेवरील रामनगर येथे आजही कोशांचा प्रचंड बाजार भरतो.

तथापि भिंतीवर चढलेले रेशीम आपली सारी हकीकत सांगत नाही. कढत पाण्यातील कोशाचे टोक बोटांनी शोधून तार काढणाऱ्या कामकऱ्याची बोटे त्या रेशमात दिसत नाहीत. पाहुण्याला रंग भेटतो, रंगामागचे गाव भेटत नाही. यात कलावंताची चूक नाही, पण शहराची सजावट आणि शहराचा सहवास या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे मात्र त्यावरून ध्यानात यावे.

जुन्या वास्तूंचे मात्र वेगळे आहे. बंगळूरचे ‘वेस्ट एंड’ 1887 साली ब्रॉन्सन नावाच्या एका इंग्रज बाईंनी अवघ्या दहा खोल्यांचे निवासगृह म्हणून सुरू केले. 1984 पासून ते ताज समूहाकडे आहे. तेथील झाडे शहराच्या कित्येक वस्त्यांहून वडील आहेत. मल्लेश्वरममधील पोट्टीपाटी हे आंध्रातील एका कुटुंबाचे जुने घर नीमराणा या संस्थेने अतिथिगृह म्हणून चालवले. 1898 च्या प्लेगनंतर पेठेतील दाटी सोडून लोक ज्या मोकळ्या वस्त्यांत आले, त्यांपैकी मल्लेश्वरम ही एक. अशा वस्त्यांत आणि छावणीत कौलारू बंगले उठले. त्यांच्या खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांच्या टोकदार टोप्या असत. त्यांना लोक गमतीने ‘मंकी टॉप’ म्हणजे माकडटोपी म्हणत. त्या टोप्यांखालून ऊन गाळून येई आणि पाऊस बाहेर राही.

हे बंगले भराभर पडले. शहाजीराजांची ही जहागीर 1687 साली तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेली, असे इतिहास सांगतो. आज तीन लाखांत त्या शहरात तुळशीवृंदावनापुरते अंगणही येणार नाही. चार भावांच्या वाटणीत सापडलेला बंगला मग कोण राखणार? पुण्याच्या वाड्यांची जी गत झाली, तीच येथेही झाली. अशा वेळी घराचे अतिथिगृह झाले तर निदान कौले शाबूत राहतात. घरातील देव्हारा, पाळणा, भांडणे निघून जातात, नि रात्रीच्या भाड्यावर परक्यांना तेथे झोप मिळते. हा सौदा सुखाचा नाही, पण कुदळीपेक्षा तो बरा.

अशा हॉटेलात उतरलेला चोखंदळ प्रवासी सकाळी मात्र गाडी करून बसवनगुडीला जातो. गांधी बाजारात 1943 सालापासून चाललेल्या ‘विद्यार्थी भवन’समोर तो रांगेत उभा राहतो. आत साधी बाके, भिंतीवर कन्नड साहित्यिकांची चित्रे, आणि एका हातावर डोशांच्या बशांची उतरंड तोलीत धावणारा वाढपी. शेजारी बसलेल्या निवृत्त कारकुनाला तो चटणी पुढे करायला सांगतो, आणि वाढपी पुन्हा तिकडे वळेपर्यंत दोघांचे बोलणे सुरू झालेले असते.