कोठीची रेसिडेन्सी
(हीरक महोत्सवानिमित्त मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवात शाळेविषयी पुष्कळ बोलले जाईलच. मी आज आपल्या हैदराबादेतील एका जुन्या घराविषयी बोलणार आहे. ते घर म्हणजे कोठीची ब्रिटिश रेसिडेन्सी.

१७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. त्या लढाईत इंग्रज तटस्थ राहिले होते. तरीही १७९८ मध्ये निजामाने त्यांच्याशीच तैनाती फौजेचा करार केला. दरबारात कंपनीच्या रेसिडेंटचे वजन वाढले. त्या सत्तेला साजेसे निवासस्थान जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक याने १८०३ च्या सुमारास मुसीच्या उत्तर तीरावर उभारावयास घेतले. आराखडा मद्रास इंजिनिअर्सच्या सॅम्युएल रसेलचा होता आणि खर्च निजामाचा.

दोन सिंहांच्या मधून चढणाऱ्या रुंद पायऱ्या, वर कोरिंथियन शैलीचे उत्तुंग स्तंभ, त्यांवरील त्रिकोणात कंपनीचे मानचिन्ह आणि आत गॅलरींनी वेढलेला उंच दरबार हॉल. येणाऱ्याला आपले लहानपण जाणवावे, हाच या रचनेचा हेतू.

याच आवारात कर्कपॅट्रिकने पत्नी खैरुन्निसा हिच्यासाठी मोगल धाटणीचा रंगमहाल बांधला. ती पडद्यात राहणारी. बागेत मूळ वास्तूची एक छोटी प्रतिकृती आहे. ती खैरुन्निसेसाठीच घडवली, असे सांगतात. १८०५ मध्ये कर्कपॅट्रिक कोलकात्यात वारला. पुढे रंगमहालही पाडला गेला. जुलै १८५७ मध्ये तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी याच रेसिडेन्सीवर हल्ला चढवला.

१९४९ मध्ये येथे उस्मानिया विद्यापीठाचे महिला महाविद्यालय आले. जी वास्तू एका स्त्रीने प्रतिकृतीत पाहिली असे सांगतात, तिच्या पायऱ्या हजारो मुली वह्या-पुस्तके घेऊन चढल्या. या घराचा याहून मोठा सन्मान मला दिसत नाही.

मात्र केवळ वापराने वास्तू टिकत नाही. छत गळू लागले, गिलावा सुटला. २००२ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने तिची नोंद धोक्यातील वारशांमध्ये केली. त्यानंतर दुरुस्तीचे प्रयत्न सुरू झाले.

आपल्या शाळेला स्तंभ नाहीत, सिंहही नाहीत. परंतु मराठीपासून दूर असलेल्या या शहरात साठ वर्षे येथे मुले मराठीतून शिकली. इमारतीची डागडुजी देणगीतून होईल. पहिलीचा वर्ग मात्र देणगीने भरत नाही. माजी विद्यार्थ्यांनो, आठवणींबरोबर आपली मुले, नातवंडेही या दारी आणा. घर बांधणाऱ्याचे असते खरे, पण ते जिवंत राहते त्यात वावरणाऱ्यांमुळे.