सील आणि दुरुस्ती



साहित्याच्या व्यासपीठावर मोबाईलचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण ‘सुरक्षा’ हा शब्द हल्ली दोन अर्थांनी वापरला जातो, आणि शब्दांची निवड-पाखड हे आपलेच काम आहे.

आपल्या बोथ भागात कापूस मोजणारा काटा खरा असणे म्हणजे काय, हे मी सांगायला नको. काट्यात लबाडी होऊ नये म्हणून त्याला सरकारी सील असते. पण काटा बिघडतोच. तेव्हा कायदा ‘नवा घ्या’ म्हणत नाही. वजनमापांच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार परवाना असलेला कारागीर तो दुरुस्त करतो, अधिकारी पुन्हा पडताळतो, शिक्का मारतो. विश्वासही टिकतो आणि काटाही.

आता मोबाईल पाहा. २०१६ मध्ये आयफोनचे ‘एरर ५३’ प्रकरण गाजले. अंगठ्याचा ठसा ओळखणारे बटण बाहेरच्या कारागिराकडून बदललेले असले, तर नवे सॉफ्टवेअर भरताच अख्खा फोन बंद पडे. ॲपलने सुरक्षेचे कारण दिले, आणि ते पूर्ण खोटे नव्हते. ते बटण आणि फोनमधली ठशांची तिजोरी यांची जोडी कारखान्यातच जुळवलेली असते. कोणीही परके बटण बसवून तिजोरी उघडू नये, हे रास्तच.

पण पुढे कंपनीने माफी मागून सुधारणा दिली. तिच्यामुळे फोन सुरू झाले. परक्या बटणावरची ठशाची सोय तेवढी बंद राहिली. म्हणजे तिजोरी राखण्यासाठी घर पाडण्याची गरज नव्हती. बाहेर दुरुस्ती केली म्हणून दाद मिळणार नाही, असे ग्राहकांना सांगितल्याबद्दल ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने २०१८ मध्ये ॲपलला ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

एक अर्थ मालकाच्या पैशांची सुरक्षा, दुसरा कंपनीच्या धंद्याची. पहिल्यासाठी कुलूप हवेच. सुट्या भागांना कुलूप असले की चोरीचा फोन मोडून विकणेही अवघड होते. पण अधिकृत केंद्र दूरच्या शहरात असेल, तर दुसऱ्या अर्थाची किंमत इथला माणूस बुडालेल्या मजुरीने आणि प्रवासखर्चाने मोजतो. आणि बाजारातल्या कारागिराचे हातचे काम जाते.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि वाहने त्यात येतात. पाऊल चांगले आहे. पण माहितीचे पोर्टल म्हणजे सक्तीचा कायदा नव्हे.

प्रत्येक दुकानदाराला मुख्य किल्ली द्या, असे माझे म्हणणे नाही. मालकाची संमती असावी, कारागिराला परवाना असावा, आणि दुरुस्तीनंतर नव्या भागाची जोडी लावून देण्याची सोय त्याच्यासाठी खुली असावी. काट्याला जो न्याय आपण लावला, तोच मोबाईलला लावावा, एवढीच मागणी आहे.