पाण्याकाठचे बिऱ्हाड

कर्करोगावरील औषधे, किरणोपचार आणि शस्त्रक्रिया यांविषयी आपण जाणत्या वैद्यांकडून पुष्कळ ऐकले आहे. म्हणून मला मिळालेली ही थोडी मिनिटे मी रुग्णाच्या बिऱ्हाडासाठी राखून ठेवतो. किरणोपचार घेणारा रुग्ण बहुधा आठवड्यातून पाच दिवस रुग्णालयात जातो खरा, परंतु यंत्राखाली असतो तो काही मिनिटेच. रसायनोपचाराची फेरी पुष्कळदा तीन आठवड्यांनी येते, आणि मधले बहुतेक सारे दिवस तो कोठेतरी एका खोलीत, एका खिडकीपाशी काढीत असतो. ती खोली कोणती असावी आणि ती खिडकी कशाकडे उघडावी, याचा विचार आपल्याकडे सर्वांत शेवटी होतो. बिऱ्हाड हाही उपचाराचाच भाग आहे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून तेथे येणाऱ्या निराश्रितांची तजवीज दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा मोठ्या आस्थेने करीत असते. परंतु ज्यांची चार आप्तांकडे ओळख आहे, त्यांचे हाल काही वेळा अधिक होतात; पंधरा दिवस मेहुण्याकडे, महिना मावशीकडे, असा त्यांचा मुक्काम हलत राहतो. भाताची लावणी आपण पाहिली असेल. तरव्यातून उपटलेले रोप नव्या खाचरात लावले, की आरंभी ते मान टाकते, पिवळे पडते; त्याला पाणी हवे असते, पण शेंडा बुडेल इतके चालत नाही; आणि शहाणा शेतकरी बांधावरून नजर ठेवतो, मूळ धरले की नाही हे पाहण्यासाठी रोप रोज उपटीत नाही. एकाच हंगामात तीनदा उपटलेले रोप कितीही कसदार खाचरात लावले, तरी त्याने तग कसा धरावा?

मराठवाड्यातील एक शिक्षिका उपचारांसाठी मुंबईस आल्या होत्या. आप्तांच्या घरी भिंतीला भिंत लागलेली, खिडकीतून दिसे ती शेजारची मोरी. पुढे वरळीच्या कोळीवाड्यात वरच्या मजल्यावरची एक खोली त्यांना भाड्याने मिळाली. शेजारच्या कोळीणबाईंनी त्यांना तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्यास शिकविले. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. दुसऱ्या फेरीनंतर अन्नावरची वासना उडाली असतानाही या बाई पंचांग घेऊन खिडकीशी बसत आणि आपला हिशेब बरोबर आला की यजमानांना हाक मारीत. पाण्याने रोग बरा होतो, असे मी म्हणत नाही, कोणी म्हटले तर विश्वासही ठेवू नये. १९८४ साली रॉजर उलरिक यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली, असे आढळले. तो रोग निराळा, तेथे पाणीही नव्हते. परंतु रुग्णाची नजर कशावर ठरते, ही बाब क्षुल्लक नव्हे, एवढे त्यातून निश्चित दिसते.

मात्र पाणी दिसले की भुलून जाऊ नये. रसायनोपचारानंतर रक्तातील पांढऱ्या पेशी उतरतात, आणि अशा वेळी ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते. अलिबागकडील समुद्रकाठचे घर रमणीय खरे. परंतु पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँची बंद असतात, आणि रुग्ण व रुग्णालय यांच्यामध्ये तेच पाणी आडवे येते. भिंतीला ओल असेल, बुरशी असेल, दाराशी डबके साचून डास होत असतील, तर ती जागा, कितीही स्वस्त असो, सोडून द्यावी. किरण घेतलेल्या कातडीला खारे पाणी सोसत नाही. तेव्हा समुद्र पाहावा, वैद्यांनी अनुज्ञा दिल्यावाचून त्यात उतरू नये.

रुग्णासोबत राहणाऱ्या माणसाच्या झोपेविषयी, त्याच्या रजेच्या अर्जांविषयीही बोलावयाचे होते, पण घड्याळ तेवढी सवलत देत नाही. म्हणून पुन्हा तेच सांगतो, कारण तेच विसरले जाते: बिऱ्हाड हा उपचाराचाच भाग आहे, आणि ते आप्तांच्या सोयीने नव्हे, रुग्णाच्या मनाने ठरावे. आपल्या घरी असा रुग्ण असेल, तर त्याला आज रात्रीच विचारा, की तुला कोठे राहावेसे वाटते. आणि त्याने सांगितलेल्या जागेची अनामत भरण्यापूर्वी, तेथून रुग्णालयापर्यंत एकदा रात्रीच्या वेळी स्वतः जाऊन पाहा.