पोरगं पुढं जाईल का?
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरील माझे सर्व गुरुजन, आणि केस पिकले तरी समोर बसल्यावर पुन्हा दहावीतल्यासारखं कुजबुजणाऱ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. शाळेत असताना सर मला दहा मिनिटं वर्गाबाहेर उभं करायचे, त्या मानानं ही बढतीच आहे.

आपल्यातले काही डॉक्टर झाले, काहींनी आडत सांभाळली, काहींनी शेती. मी क्रीडाशिक्षक झालो. तीस वर्षं जिल्ह्यात कबड्डीच्या मैदानाच्या कडेला उभा आहे. या तीस वर्षांत पालकांनी मला एकच प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला : "सर, पोरगं पुढं जाईल का?" पुढं म्हणजे कॉलेजच्या संघात, विद्यापीठाच्या संघात, जमलंच तर राज्याच्या. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हापासून त्यात 'टीव्हीवर' हा शब्द वाढला.

या प्रश्नाचं एक उत्तर मी चुकीचं दिलं. आज तेच सांगायचं आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे नववीत दोन मुलं होती. दोघंही चढाईपटू. एक उंच, भरलेला, ओठावर मिसरूड फुटलेली. तालुक्याच्या सामन्यात तो आत शिरला की समोरची लेकरं बाजूला व्हायची. दुसरा बारीक, त्याच्या खांद्याला लागणारा. त्याला पकडलं की तो सुटत नसे, कारण अंगात ताकद नव्हती. पण पाय मात्र असे चालायचे की पकडायलाच तीन जण लागायचे. मोठ्याच्या वडिलांना मी म्हणालो, "याच्यावर खर्च करा." धाकट्याचे वडील कापूस घेऊन बाजारात आले होते, तिथंच त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "अंगात नाही हो त्याच्या. अभ्यासाला लावा." मास्तर म्हणाला म्हणून त्यांनी ऐकलं. मुलानंही ऐकलं.

मोठा मुलगा त्याच उंचीचा राहिला. अकरावीत बाकीची मुलं त्याच्याएवढी झाली आणि त्याच्याकडे धक्क्याशिवाय दुसरं काही नव्हतं. बारावीनंतर तो थांबला. धाकटा अकरावी-बारावीत वीतभर वाढला. पण तोवर मैदान सुटलं होतं. पुढं एकदा जिनिंगच्या रांगेत तो पिकअपच्या स्टेअरिंगवर भेटला. उतरून पाया पडला. म्हणाला, "सर, अजून सामना असला की बघायला येतो." मला रागावला असता तर बरं झालं असतं.

माझी चूक काय होती? मी खेळ पाहिलाच नाही, वय पाहिलं. चौदा-पंधरा वर्षांच्या दोन मुलांचं वय दाखल्यावर सारखं असतं, पण शरीरात दोन-तीन वर्षांचा फरक असू शकतो. कोण लवकर वाढतो, कोण उशिरा. आणि दाखल्याचं तर बोलायलाच नको. आपल्यातल्या कित्येकांचा वाढदिवस 1 जूनलाच येतो, हे सर जाणतात! लवकर वाढलेला मुलगा शाळेत गुण घेतो, ते त्याचे गुण नसतात, त्याच्या वाढीचे असतात.

त्यानंतर मी एक वही घातली. त्यात गुण लिहीत नाही. कॉलेजच्या मैदानावर काय टिकेल, तेवढंच लिहितो.

पहिलं, पाय. पुरुष गटाचं मैदान 13 बाय 10 मीटर. मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर, तिच्यापुढं मीटरभर अंतरावर बोनस रेषा. समोर 80-85 किलोपर्यंतचे गडी. तिथं धक्का चालत नाही. परत फिरताना शरीराचा तोल कुठं आहे, हे मी पाहतो. आत जाणं सगळ्यांना येतं, परत येणं थोड्यांना.

दुसरं, नजर. चढाई तीस सेकंदांची. बोनस मिळतो तो समोर सहा किंवा जास्त गडी असतील तरच. मुलगा आत जाण्याआधी गडी मोजतो का? कोपरारक्षक पुढं सरकला हे त्याला दिसतं का? की डोळे मिटून उडी घेतो?

तिसरं, तिसरी चढाई. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर बाद. त्या वेळी कोण पुढं येतो आणि कोण बुटाची नाडी बांधायला खाली बसतो, हे लिहून ठेवतो. दोनदा पकडला गेलेला मुलगा पुन्हा चढाईला गेला, तर त्याच्या नावापुढं मी खूण करतो.

चौथं, पुढचा आठवडा. सांगितलेली चूक आठ दिवसांनी सुधारलेली दिसते का? मला सगळ्यात जास्त काही सांगून जातं ते हेच. आपल्या काळ्या मातीत खेळलेल्या मुलाला कॉलेजात मॅटवर जावं लागतं. पायात बूट येतात, घसरण्याचा अंदाज बदलतो. ज्याला शिकायची सवय आहे, तो महिन्यात जुळवून घेतो.

पाचवं, घर. कापूस वेचणीच्या दिवसांत मुलगा सरावाला येत नाही, तेव्हा तो आळशी आहे असं मी आधी लिहायचो. आता आधी घरी जाऊन येतो.

एवढं सगळं लिहूनही नववीतल्या मुलाबद्दल मी कधीच 'नाही' लिहीत नाही. 'अजून बघू' लिहितो. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि त्याच्या स्पर्धांची खरी सुरुवात तिथं झाली. 2022 मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, 2023 मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्ण, 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी. माण तालुक्यातली ललिता बाबर आधी खो-खो खेळायची. 2016 मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. नववीतच कुणी त्यांच्यावर शेवटचा शेरा मारला असता तर?

उलट बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक मुलगा अस्लम इनामदार होत नाही. विद्यापीठाच्या संघात बारा-चौदा जागा आणि नांदेडच्या आपल्या विद्यापीठात चार जिल्ह्यांची कॉलेजं. म्हणून 'हो' सुद्धा मी जपून म्हणतो. पालकांना सांगतो, खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, पण त्याला प्रमाणपत्र लागतं तशी पदासाठीची शैक्षणिक पात्रताही लागते. कॉलेजकडून खेळायचं तर आधी कॉलेजात प्रवेश हवा. पुस्तक सोडून मैदान धरू नका, आणि मास्तरच्या एका वाक्यावर मैदान सोडू नका.

आता मुद्द्याचं. आपल्या तुकडीनं निधी जमवला आहे आणि त्यातून दरवर्षी 'सर्वोत्कृष्ट खेळाडू' म्हणून एका विद्यार्थ्याला मोठी रक्कम द्यावी असा प्रस्ताव आहे. हेतू चांगला आहे, पण माझा त्याला विरोध आहे. तो एक मुलगा बहुतेक वेळा मिसरूड फुटलेलाच असेल. मित्रांनो, त्या पैशातून सगळ्या संघाला बूट घ्या, सामन्याच्या दिवशी जाण्यायेण्याचं भाडं आणि पोटभर जेवण द्या. उरलं तर अकरावी-बारावीत गेलेल्या मुलांसाठी संध्याकाळी शाळेचं मैदान उघडं ठेवा, एक दिवा लावा. उशिरा वाढणाऱ्याला यायला जागा राहू द्या.

सर, तुम्ही मला कधी कबड्डीच्या संघात घेतलं नाहीत. पण मैदानावर येऊ नको, असंही कधी म्हणाला नाहीत. सामान सांभाळायला का होईना, मला बरोबर नेलंत. म्हणून मी आज इथं उभा आहे.

निधीच्या बैठकीत माझं हे म्हणणं नोंदवून घ्यावं, एवढी विनंती करतो आणि थांबतो.